माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये बसवलेला पीएच प्रोब दर काही दिवसांनी येडं रीडिंग देतो, त्याचा छडा

टेस्ट किटने पीएच ७.४ येतोय आणि स्क्रीनवर ८.१. कॅलिब्रेट केलं की दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी परत तेच. हे चक्र मी जवळजवळ आठ महिने चालवलं, त्यात दोन प्रोब टाकून दिले (त्यातला एक धडधाकट होता हे नंतर कळलं), बोर्ड बदलला, कोड तीनदा नव्याने लिहिला, आणि शेवटी डोक्यात प्रकाश पडला की मी एक बिघाड शोधत बसलोय आणि बिघाड आहेत चार. एक दुरुस्त केला की दुसरा तोंड वर काढायचा आणि मला वाटायचं पहिलाच परत आलाय. ज्यांचं असंच काहीतरी चालू असेल त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतोय, चुकांसकट.

आधी सेटअप काय आहे ते. साधा मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टर. त्याच्या झाकणाला तीन होल पाडून रबरी ग्रॉमेट बसवले आणि त्यातून १२ एमएमचा पीएच प्रोब, दोन पिनवाला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) प्रोब आणि वॉटरप्रूफ डीएस१८बी२० तापमान सेन्सर आत सोडले. डोकं म्हणून ईएसपी३२ (वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), पीएच आणि टीडीएसचे आपापले छोटे बोर्ड, आणि हीटर आणि सीओटूच्या (वनस्पतींसाठी सोडायचा कार्बन डायऑक्साइड) सोलेनॉइड व्हॉल्व्हला रिले. सगळ्याला मिळून एकच ५ व्होल्टचा अडॅप्टर. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, निम्मा झोल तिथेच होता.

सुरुवातीला मी फक्त आकडा बघायचो. ८.१ आला, म्हणजे चुकलं, करा कॅलिब्रेट. मग एकदा कंटाळून दर दहा सेकंदाला रीडिंग साठवायला लावलं आणि आठवडाभराचा ग्राफ काढला, तर त्यात चार वेगवेगळे आकार सरळ दिसत होते. कुठे भिंतीसारखी उभी पायरी, कुठे रोजची लाट हळूहळू चपटी होत गेलेली, कुठे रेघ केसाळ झालेली, आणि अधूनमधून एकच काटा वर जाऊन परत खाली. प्रत्येक आकाराचं कारण वेगळं निघालं. त्यामुळे कोणी म्हणालं की माझा पीएच चुकतोय तर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, ग्राफ काढलाय का? नसेल तर आधी तो काढा, मग प्रोबला शिव्या द्या.

आणि हो, काही लाट खरीच असते. दिवसा वनस्पती सीओटू ओढून घेतात म्हणून पीएच संध्याकाळपर्यंत चढतो, रात्री माशांचा आणि वनस्पतींचा श्वास चालू राहतो, सीओटू साठतो, पहाटे पीएच सगळ्यात खाली. सीओटू सोडत असाल तर एक पूर्ण अंक खाली जाणंही नॉर्मल आहे. हा बदल तासातासाने होतो. एका सेकंदात ०.६ चढणारं पाणी मी तरी बघितलेलं नाही, मुठभर काही ओतल्याशिवाय.

उभी पायरी

पीएच प्रोब म्हणजे एक बॅटरीच समजा, पण अगदी मरतुकडी. २५ अंशाला पीएचच्या एका अंकाला ५९.१६ मिलिव्होल्ट, ७ ला शून्य, आम्लाकडे प्लस आणि अल्कलीकडे मायनस. म्हणजे माझी ७.४ वरून ८.१ ची उडी म्हणजे सगळे मिळून ४१ मिलिव्होल्ट. त्यात प्रोबच्या टोकाच्या काचेच्या फुग्याचा रेझिस्टन्स शेकडो मेगाओहममध्ये, त्यामुळे पाण्यातून कुठूनही चोरून जाणारा जरासा करंट हे रीडिंग हलवायला पुरतो.

तपासायची सगळ्यात सोपी पद्धत ग्लासची. टाकीतलं पाणी प्लॅस्टिकच्या ग्लासात घ्या, टेबलावर ठेवा, त्यात फक्त पीएच प्रोब बुडवा. माझ्याकडे लगेच ७.४ वर येऊन गप्प बसला. म्हणजे प्रोब चांगला, बोर्ड चांगला. आता त्याच ग्लासात टीडीएसचा प्रोब बुडवला आणि सेकंदाच्या आत ८ च्या पुढे. बाहेर काढला की परत ७.४. पाच-सहा वेळा आत-बाहेर केलं, चोर सापडल्याचा आनंदच इतका होता.

कारण असं की टीडीएसवाला पाण्यातून करंट सोडूनच मोजतो, त्याचं कामच ते. आणि पीएचच्या बऱ्याच साध्या बोर्डांमध्ये बीएनसीचा (प्रोबची केबल जोडायचा गोल कनेक्टर) बाहेरचा भाग, म्हणजे प्रोबमधला रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो), ग्राउंडला नसतो, तो २.५ व्होल्टच्या आसपास उचलून ठेवलेला असतो, म्हणजे प्लस-मायनस दोन्ही बाजू एकाच ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये बसतात. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एक, दोघेही एकाच पाण्यात, मग रेफरन्सकडून टीडीएसच्या पिनकडे पाण्यातून वाट तयार झालीच. हा करंट रीडिंग तर बिघडवतोच, पण महिनोन्महिने चालला की रेफरन्सचीही वाट लावतो. माझा पहिला प्रोब बहुतेक असाच गेला.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे पीएच वाचताना टीडीएसचा सप्लाय ट्रान्झिस्टरने बंद करा. मी केलं. पायरी लहान झाली पण गेली नाही, कारण प्लस तोडला तरी ग्राउंडची वायर जोडलेलीच आहे आणि पिना पाण्यातच आहेत. तोडायचंच असेल तर प्रोबच्या दोन्ही वायरी एका छोट्या डबल पोल रिलेने तोडा, पाच-दहा सेकंद थांबा, मग पीएच वाचा. हा जुगाड चालतो, मी दोन महिने चालवला, पण रिलेची टिकटिक रात्री ऐकू येते आणि घरच्यांचा संयम हा पण एक घटक आहे.

पक्का इलाज आयसोलेशनचा, म्हणजे दोन सर्किटमध्ये थेट वायरीची जोडणीच ठेवायची नाही. पीएचच्या बोर्डाला वेगळा सप्लाय देणारा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर (बी०५०५एस सारखा एक वॉटचा तुकडा), आणि डेटासाठी एडीयूएम१२५० किंवा आयएसओ१५४० सारखा आयसोलेटर. इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी फक्त सप्लाय आयसोलेट केला आणि पीएच बोर्डाची ॲनालॉग आउटपुटची वायर आणि तिचं ग्राउंड सरळ ईएसपी३२ ला जोडलं. म्हणजे पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. ॲनालॉगचं डिजिटल करणारी चिप, माझ्याकडे एडीएस१११५, ती पण पीएच बोर्डाच्याच बाजूला, आयसोलेशनच्या पलीकडे पाहिजे, आणि मधून फक्त डिजिटल सिग्नल गेला पाहिजे. दोन्ही बाजूंना पुलअप रेझिस्टर (सिग्नलची वायर सप्लायकडे ओढून धरणारे) आपापले, आपापल्या सप्लायला. तो कन्व्हर्टर रेग्युलेटेड नसतो, लोड फारच कमी असेल तर आउटपुट ५ च्या वर जातो, म्हणून एक रेझिस्टर नुसता लोड म्हणून आणि एक-दोन कपॅसिटर टाका.

तसंही ईएसपी३२ च्या स्वतःच्या ॲनालॉग पिनांवर पीएच वाचू नका. सरळ रेषेत मोजत नाही, ३.३ च्या वर व्होल्टेज चालत नाही, आणि दुसऱ्या गटातल्या पिना वायफाय चालू असताना चालतच नाहीत. त्यावर मी एक अख्खा रविवार घालवलाय, जास्त बोलत नाही.

टीडीएस पूर्ण बाहेर काढूनही एक पायरी उरली होती, साधारण ०.२ ची, दिवसातून पाच-सहा वेळा. कंट्रोलर अडॅप्टरवरून काढून पॉवर बँकेवर टाकला तर पायरी गायब. लॅपटॉपवर टाकला तर परत हजर, कारण लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता, म्हणजे तो पण भिंतीलाच जोडलेला. हे कळेपर्यंत अर्धा दिवस गेला. पॉवर बँकेवर चांगलं आणि अडॅप्टरवर वाईट असं असेल तर टाकीतल्या कुठल्यातरी मेन्सवरच्या वस्तूतून पाण्यात लीकेज आहे आणि ते तुमच्या प्रोबमधून वाट काढतंय.

मग एकेक वस्तू बंद करून बघायची. बंद करून म्हणजे प्लग उपटून! मी रिलेने हीटर बंद करत होतो आणि फरक पडत नव्हता म्हणून हीटरला क्लीन चिट दिली. नंतर बघितलं तर माझ्या रिलेने न्यूट्रल तोडला जात होता, फेज हीटरमध्ये चोवीस तास उभाच. प्लग काढला तेव्हा पायरी गेली. रिले कायम फेजच्या वायरवर घ्या, हे पीएचसाठी नाही, तुमच्या हातासाठी.

त्या हीटरच्या काचेला वरच्या टोपीजवळ केसाएवढी चीर होती. पाण्यात हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे हा नियम मी तेव्हापासून पाळतोय. आणि टाकीच्या लाईनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर हे सगळं वाचणं इथेच थांबवा आणि आधी तो बसवून घ्या. काही जण सांगतात टाकीत अर्थिंगची टायटॅनियम कांडी टाक, रीडिंग शांत होतं. होतं कधीकधी. पण आरसीसीबी नसताना ती कांडी टाकली तर लीकेजला पाण्यातून वाहायला तुम्ही स्वतः पक्का रस्ता बांधून दिलात. आरसीसीबी असेल तर कांडीचा खरा उपयोग होतो, चिरलेला हीटर लगेच ट्रिप करून दाखवतो.

मल्टीमीटरची एक लाल पिन पाण्यात आणि काळी अर्थला लावून एसी ३०-४० व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका, डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स इतका जास्त असतो की पंपाच्या कॉइलमधून नुसतं कपॅसिटिव्ह पद्धतीने आलेलं भूत व्होल्टेज पण दिसतं. पण एखादा प्लग काढल्यावर आकडा धाडकन पडला तर ती वस्तू संशयित, भूत-बित नाही.

चपटी होत जाणारी लाट

हा सगळ्यात कपटी प्रकार. काही उडत नाही, काही ओरडत नाही. पहिल्या आठवड्यात रोज ७.१ ते ७.७ अशी लाट, दुसऱ्यात ७.१ ते ७.५, तिसऱ्यात ७.० ते ७.३. मला वाटलं वा, टाकी स्थिर होतेय! किटने मोजलं तर संध्याकाळी ७.६ होता.

रीडिंग जेव्हा दोन्हीकडून ७ कडे दबत जातं तेव्हा प्रोबचे मिलिव्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत. सगळ्यात आधी बोर्ड तपासा, ते एका मिनिटाचं काम आहे. प्रोब काढा आणि बोर्डावरच्या बीएनसीचा मधला पॉइंट आणि बाहेरची कडी एका वायरच्या तुकड्याने जोडा. हे झालं शून्य मिलिव्होल्ट, म्हणजे स्क्रीनवर ७.० च्या अगदी जवळ काहीतरी आलं पाहिजे. आलं तर बोर्ड बरोबर. मग प्रोब दोन बफरमध्ये (पीएच पक्का माहीत असलेली द्रावणं) घाला आणि पीएच नको, कच्चे मिलिव्होल्ट लिहून घ्या. ४.०१ आणि ६.८६ मधला फरक २५ अंशाला १६८.६ मिलिव्होल्ट असायला हवा. माझा १२५ आला, म्हणजे ७४ टक्के. नव्या प्रोबला ९५ च्या वर मिळतो, ८५ च्या खाली गेला की मी प्रोबवर विश्वास ठेवत नाही.

७४ टक्के बघून मी दुसरा प्रोब फेकून दिला. तिसरा लावला, तीन आठवड्यांनी त्याचेही ७८. तेव्हा ट्यूब पेटली की प्रोब नाही, कनेक्टर. कंट्रोलरचा डबा मी टाकीच्या झाकणावर ठेवला होता, छान दिसतो म्हणून, आणि खालून चोवीस तास वाफ. बीएनसीमध्ये डोळ्याला न दिसणारा दमटपणा बसला होता. शेकडो मेगाओहमच्या प्रोबला समांतर एक दमट कनेक्टर आला की निम्मा सिग्नल तिथेच जिरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू धुतल्या, हेअर ड्रायरच्या कोमट हवेने वाळवल्या, आणि तोच प्रोब ९६ टक्के! टाकून दिलेल्या दुसऱ्या प्रोबची आठवण अजून येते.

आता डबा टाकीपासून हातभर लांब भिंतीवर आहे, केबल आधी खाली झोळ देऊन मग वर नेलीये म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातच टपकतं, आणि जोडणीवर स्वतःला चिकटणारा रबर टेप गुंडाळलाय. तिथे आंबट वास येणारं साधं सिलिकॉन भरू नका, त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं आणि तांबं हिरवं पडतं. टाकीच्या पाण्यात तर उघडं तांबं कुठेही नको, कोळंबी ठेवली असेल तर बिलकुलच नको.

केसाळ रेघ

फिल्टर बंद केला की रेघ गुळगुळीत, चालू केला की ०.१ ची थरथर. प्रोब मी पाण्याच्या धारेतच लावला होता, ताजं पाणी मिळेल म्हणून. जोरात वाहणारं पाणी आणि बुडबुडे दोन्ही प्रोबला आवडत नाहीत, आणि पाणी मऊ असेल, केएच (कार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा) कमी असेल, तर अजूनच नाटकं. प्रोब स्पंजच्या पुढच्या शांत कोपऱ्यात सरकवला आणि आडवा होता तो उभा केला, काहीशी तिरपी मान चालते पण काचेचा फुगा खालीच पाहिजे, नाहीतर आतला हवेचा बुडबुडा फुग्यात जाऊन बसतो. माझ्या फिल्टरमध्ये लाईट गेली की त्या कप्प्यातलं पाणी उतरायचं आणि प्रोब कोरडा लटकायचा, म्हणून ॲक्रिलिकची एक बोटभर उंच पट्टी चिकटवून छोटा बांध घातला. कप्प्यावर काळा टेप, म्हणजे शेवाळ नाही.

शेवाळ आणि चिकट थर बसला की रेघ केसाळ होत नाही, ती आळशी होते. बफरमध्ये घातल्यावर अर्ध्या-एक मिनिटात स्थिर व्हायला हवं, तिथे पाच मिनिटं लागतात. मऊ ब्रश, मग पातळ ब्लीचमध्ये थोडा वेळ, भरपूर धुणं. पांढरे क्षार असतील तर व्हिनेगर, पण ते वेगळ्या दिवशी, ब्लीच आणि ॲसिड एकमेकांना भेटता कामा नये, क्लोरीन वायू होतो. शेवटी काही तास पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात प्रोब ठेवायचा नाही, आतलं मीठ बाहेर ओढलं जातं.

एकटा काटा

हा फुकटचा निघाला. डीएस१८बी२० चा कॉन्टॅक्ट सुटला की लायब्ररी मायनस १२७ देते, आणि सेन्सरला सप्लायचा झटका बसला की ८५. कोडमध्ये तापमानाची भरपाई असल्यामुळे मायनस १२७ आत गेलं की ७.५ चा थेट ८.० होतो, आणि टीडीएस चक्क निगेटिव्ह, कारण तिथे प्रत्येक अंशाला २ टक्के धरलेले असतात. तापमान १० ते ४० च्या बाहेर असेल तर आधीचं चांगलं रीडिंग वापर, एवढी एक ओळ टाकली. ४.७ किलोओहमचा पुलअप रेझिस्टर पण नीट सोल्डर केला, ब्रेडबोर्डवर सैल होता. मग पाच रीडिंगमधलं मधलं घ्यायचं, सरासरी नाही, सरासरीत काटा लपतो आणि बाकीच्यांना पण वाकडं करतो.

एवढा खटाटोप का, किटने मोजा ना, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं चूक नाही. पण चुकीचा पीएच नुसता दिसण्यापुरता नसतो. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या जरा वर भाग विषारी रूपात असतो, ८ ला ५ टक्क्यांच्या वर. सीओटूचा अंदाज तर सरळ ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) घात, म्हणजे केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर ३० पीपीएम, आणि त्याच पाण्याला स्क्रीन ७.२ म्हणाली तर तुम्हाला वाटणार ८ पीपीएमच नाही, सोडा अजून. माझा सोलेनॉइड पीएच बघून चालायचा. एका रात्री उभी पायरी आली, कंट्रोलरला वाटलं पीएच चढलाय, त्याने सीओटू सोडत ठेवला, आणि सकाळी सगळे मासे वर तोंड काढून. वाचले, एअरस्टोन जोरात लावला आणि पाणी बदललं. त्या दिवसापासून सोलेनॉइड टायमरवर आहे आणि पीएचला फक्त बंद करायचा अधिकार आहे, चालू करायचा नाही.

आत्ताची स्थिती अशी की महिन्यातून एकदा दोन बफर, मिलिव्होल्ट वहीत, आणि मधे काही हात लावत नाही. ९.१८ चा बफर मी घेणं सोडलं, उघडा राहिला की हवेतला सीओटू खाऊन खाली येतो आणि आपण त्याच्यावर प्रोब जुळवत बसतो. लाईट चालू-बंद होताना ०.०२ ची एक बारीकशी पायरी अजून दिसते, एलईडीच्या ड्रायव्हरकडून येत असावी. तिच्यामागे लागायचा मोह होतोय, पण झाकण उघडलं की अजून काहीतरी सुटतं, म्हणून सध्या तिला तिथेच राहू दिलंय.